कुपन वाचा, मग पिशवी उचला

(बेलापूर येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)

दिवसभर राबून तुम्ही इथे आला आहात. कुणी उसाच्या फडातून आले, कुणी कांदे काढून आले. म्हणून मी फार लांबण लावणार नाही. आज आपण किराणा मालाविषयी बोलू. हा विषय सगळ्यांच्या घरचा आहे.

मागच्या आठवड्यात या वर्गातल्या एका मावशींनी मला कागदाचा एक तुकडा दाखवला. धुण्याच्या पावडरीच्या पुड्यात तो निघाला होता. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, हे फेकू का ठेवू?"

मी म्हणालो, "मला कशाला विचारता? तुम्हीच वाचा."

कागदावरची भाषा हिंदी होती, पण लिपी आपलीच. मावशींनी एक एक अक्षर लावले. पुढच्या पुड्यावर दहा रुपये सूट, असा त्याचा अर्थ निघाला. मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई! असले किती कागद मी चुलीत घातले!"

मंडळी, त्या एका वाक्यावरून मला आजचे भाषण सुचले.

कुपन म्हणजे काय, सेल म्हणजे काय

कुपन म्हणजे सवलतीची चिठ्ठी. ती दाखवली की माल कमी किमतीत मिळतो. कधी ती पुड्यात असते, कधी वर्तमानपत्रात छापलेली असते, कधी दुकानदार बिलासोबत देतो. हल्ली ती मोबाईलवरही येते.

सेल म्हणजे दुकानदाराने ठराविक दिवस भाव उतरवणे. दिवाळीच्या आधी सेल लागतो. पंधरा ऑगस्टला लागतो. जुना माल काढून टाकायचा असला तरी लागतो.

कुपन एका बाजूने पैसे कमी करते. सेल दुसऱ्या बाजूने कमी करतो. दोन्ही एकाच वेळी लागू झाले तर दुप्पट फायदा होतो. कसा, ते हिशेबाने पाहू.

समजा, चहाच्या अर्ध्या किलोच्या पुड्यावर छापील किंमत २८० रुपये आहे. दुकानात सेल आहे, तो पुडा २५० ला मिळतो. तुमच्याजवळ जुन्या पुड्यातले २० रुपयांचे कुपन आहे. २५० मधून २० गेले, राहिले २३०. म्हणजे ५० रुपये वाचले. सेल नसताना कुपन वापरले असते तर फक्त २० वाचले असते. म्हणून कुपन मिळाल्या दिवशीच मोडू नये. त्यावरची शेवटची तारीख वाचावी. तारीख लांब असेल तर सेलची वाट पाहावी.

पण इथेच थांबू नका. २३० ला अर्धा किलो म्हणजे ४६० ला एक किलो. तुमच्या घरी सुटा चहा चालत असेल आणि तो ४०० रुपये किलोने मिळत असेल, तर कुपन आणि सेल दोन्ही लावूनही पुडा महागच पडला! कुपनाने काय वाचले एवढेच पाहू नये. शेवटी किलोला काय पडले ते पाहावे.

आईचे रेशनकार्ड

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. ती भाकरी कुणाला आवडत नव्हती, पण तिच्यावरच आम्ही जगलो.

आईला अक्षर येत नव्हते. दुकानदार कार्डावर काय लिहितो ते तिला कळायचे नाही. एके दिवशी तिने पिशवी आणली आणि कार्ड माझ्यापुढे टाकले. मी सहज वाचले. म्हणालो, "आई, बारा किलो आणली का?" आई म्हणाली, "न्हाई रं, धाच दिली." कार्डावर मात्र बारा लिहिले होते.

आई उन्हात परत गेली. मला बरोबर नेले. मी दुकानात कार्ड मोठ्याने वाचून दाखवले. दुकानदार म्हणाला, "लिहिण्यात चूक झाली." आणि त्याने दोन किलो मापून दिली. ती चूक होती की आणखी काही, ते त्याचे त्याला ठाऊक. पण दोन किलो म्हणजे आमची दीड दिवसाची भाकरी होती.

त्या वर्षी मलाही शाळेतून काढून खडीवर न्यायचे घरात चालले होते. वाटेत आई म्हणाली, "तू साळा सोडायची न्हाई." मी शाळा सोडली नाही. मॅट्रिक झालो, मास्तर झालो. ते कार्ड वाचता आले नसते, तर आज मी तुमच्यापुढे उभा नसतो.

रेशन हे पहिले कुपन

मंडळी, रेशनकार्ड हेच आपले पहिले आणि सर्वांत मोठे कुपन आहे.

अन्न सुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले आहे. घरात पाच माणसे असतील तर प्राधान्य कार्डावर २५ किलो झाले. तेच बाजारात ३० रुपये किलोने घेतले तर ७५० रुपये लागतील.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, अंगठा यंत्रावर ठेवला की पावती मागा. दोन, पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळवून पाहा. तीन, रेशनचा तांदूळ फेरीवाल्याला विकू नका. ते कायद्याला धरून नाही आणि फायद्याचेही नाही. आज स्वस्तात विकायचा आणि पुढच्या आठवड्यात महागाने विकत आणायचा, हा कुठला व्यवहार?

साखरेचे कुपन

आपला मुलूख प्रवराकाठचा, उसाचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला आणि पुढे जिल्हाभर कारखाने झाले. बरेच कारखाने सभासदांना दिवाळीला सवलतीच्या भावाने साखर देतात. त्यासाठी कार्ड किंवा कुपन असते. किती किलो, काय भाव, कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यावर किंवा कारखान्याच्या फलकावर लिहिलेले असते.

आमच्या ओळखीचे एक आबा आहेत. सभासद आहेत. दिवाळीच्या तोंडावर त्यांना दोनशे रुपयांची नड पडली. त्यांनी साखरेचे कुपन दोनशेला एकाला देऊन टाकले. मी नंतर त्यांच्यापुढे हिशेब मांडला. समजा, कुपन २० किलोचे. सवलतीचा भाव २० रुपये. बाजारभाव ४४ रुपये. किलोमागे २४ रुपयांचा फरक. वीस किलोंचे झाले ४८० रुपये. आबांनी ४८० ची वस्तू २०० ला विकली होती.

आबा म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी खिशात दमडी न्हवती. साखर उचलायला तरी चारशे कुठून आणायचे?"

आबांचे बोलणे खोटे नव्हते. त्याचा विचार पुढे करू.

माझी फजिती

तुम्हांला वाटेल, मास्तर फार हुशार. तसे नाही. माझीही फजिती झाली आहे.

निवृत्त झाल्यावर मी नगरला मुलाकडे गेलो होतो. मुलाने एका मोठ्या दुकानाचे कुपन दिले. "१५०० रुपयांच्या खरेदीवर २०० रुपये सूट." आमची यादी होती ९०० रुपयांची. मी म्हटले, आणखी सहाशेचे घेऊ, दोनशे वाचतील. दुकानात सेल होता. बिस्किटे घेतली, सरबताच्या बाटल्या घेतल्या, लागत नव्हत्या त्या वस्तू घेतल्या. बरोबर पंधराशे केले.

पैसे द्यायला गेलो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, सेलच्या मालाला हे कुपन चालत नाही. खाली लिहिलंय बघा." मी चष्मा लावला. खरेच, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते. मागे रांग लागली होती. लोक चुळबुळ करू लागले. लाजेपोटी मी पंधराशे मोजले आणि बाहेर पडलो.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी पिशवी पाहिली. म्हणाल्या, "दोनशे वाचवायला गेलात आणि सहाशे घालवून आलात. जन्मभर पोरांना वाचायला शिकवलंत, आणि स्वतः कागद वाचला नाही!"

त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम असा आहे. आधी यादी, मग कुपन, मग सेल. यादीत नाही ते फुकटाएवढे स्वस्त असले तरी घ्यायचे नाही. कुपनावरची बारीक अक्षरे घरीच वाचायची, दुकानात नाही. त्यात पाच गोष्टी शोधायच्या: कोणता माल, किती सूट, कमीत कमी किती खरेदी, शेवटची तारीख, आणि सेलमध्ये चालते की नाही.

छापील किंमत, वजन आणि तेलाचा डबा

पुड्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. दुकानदाराला तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कमी मात्र घेता येते. म्हणून छापील किंमत म्हणजे भाव नव्हे. ती भावाची वरची हद्द आहे. छापील किंमत ५००, सूट ४० टक्के, म्हणजे ३०० ला वस्तू मिळाली. आपण खूश होतो. पण शेजारचा दुकानदार तीच वस्तू रोज २९० ला देत असला तर? सूट पाटीवर मोठी दिसली, हातात काही आले नाही.

मोठा पुडा नेहमी स्वस्त असतो, असेही नाही. किलोचा पुडा १२० ला आणि पाव किलोचा २८ ला असेल, तर चार छोट्या पुड्यांचे ११२ होतात. छोटे घेतलेले बरे. आता पुष्कळ पुड्यांवर ग्रॅमला किंवा किलोला काय पडते तेही छापतात. ते वाचायची सवय लावा.

तेलाच्या बाबतीत तर फारच सांभाळा. लिटर आणि किलो एक नव्हे. एक लिटर खाद्यतेल वजनाला सुमारे ९१० ग्रॅम भरते. १५ लिटरचा डबा म्हणजे सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोचा डबा म्हणजे पुरते १५ किलो. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. पण तेलात १ किलो ३५० ग्रॅमचा फरक आहे. किलोला १५० रुपये धरले तर दोनशे रुपये झाले. सेलमध्ये शंभर रुपये कमी म्हणून डबा उचलला आणि तो लिटरचा निघाला, तर आपणच शंभराने खाली आलो.

निसर्गाचा सेल

दुकानदाराचा सेल पाटीवर लिहिलेला असतो. निसर्गाचा सेल लिहिलेला नसतो, पण तुम्ही शेतकरी माणसे, तुम्हांला तो पाठ आहे. तुरीचा माल पौष-माघात बाजारात येतो. हरभरा फाल्गुनात, गहू चैत्रात. उन्हाळी कांदाही त्याच सुमाराला येतो. हळद, मिरचीही उन्हाळ्याच्या तोंडाशीच येते. माल आला की भाव उतरतो. आपल्या आयाबाया उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायच्या, ती उगीच नाही.

पण साठवण नीट पाहिजे. गहू कडक उन्हात वाळवा. थंड झाल्यावर भरा. एरंडेलाचा हात लावा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. टाकी जमिनीला टेकवू नका, खाली लाकूड ठेवा. स्वस्तात घेतलेले धान्य किड्याने खाल्ले, तर स्वस्त कसले?

रोखीचा डबा

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. खिशात दमडी नसेल तर सेल काय कामाचा?

मंडळी, हे या सगळ्याचे मूळ आहे. उधारीवर घेणाऱ्याला सेल नाही. त्याला भाव विचारायचाही संकोच वाटतो. ज्याच्या वहीत आपले नाव, त्याच्याच दुकानात जावे लागते. तो देईल तो माल, तो लावील तो भाव. गरिबाला माल महाग पडतो तो असा. मी वाण्याला दोष देत नाही. अडीनडीला तोच उभा राहतो. पण त्याची वही आपल्याला वाचता आली पाहिजे. महिन्याला एकदा वहीपुढे बसा. कोणत्या तारखेला काय नेले, किती दिले, किती राहिले, आपणच वाचा.

आणि घरात एक डबा ठेवा. रोज पाच रुपये टाका. महिन्याला दीडशे झाले. दिवाळीआधी सहा महिने टाकले तर नऊशे होतात. आबांची साखर त्यातून उचलली जाते, तेलावरची सूट मिळते. पहिल्या वर्षी साखर आणि तेल रोखीने घ्या. वाचलेले पैसे परत डब्यात टाका. दुसऱ्या वर्षी तूरडाळ रोखीने घ्या. एकेक जिन्नस असा वहीतून बाहेर काढा. एकदम होणार नाही, पण होईल.

दहा घरे मिळून

एकट्याने होत नाही ते दहा घरांनी होते. हे जगाने करून पाहिले आहे.

इंग्लंडात रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथल्या २८ जणांनी १८४४ साली थोडे थोडे पैसे जमवून दुकान काढले. त्यांत विणकर होते. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या एवढाच माल. पण माल शुद्ध आणि माप पुरे. नफा झाला की ज्याने जितका माल घेतला तितका त्याला वाटा. पुढे जगभर ग्राहकांच्या सहकारी दुकानांनी त्यांचा कित्ता गिरवला. मुंबईत नायगावला १९४८ साली अपना बाजार सुरू झाला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिथे शेजारपाजारची घरे मिळून संघ करतात. आपापली यादी देतात. माल एकत्र घाऊक भावाने येतो आणि घरोघर वाटला जातो. हिशेब, वाटप, सगळ्या कामांत बायका पुढे असतात.

आपल्यालाही छोटे रूप करता येईल. दहा घरांनी मिळून तुरीचे एक पोते घ्या. १५ किलोचे दोन डबे तेल घ्या, घरटी तीन किलो वाटा. बचत गट आहेतच. फक्त हिशेब लिहायला दोघी आणि तो तपासायला तिसरी, एवढा नियम पाळा.

सावधगिरीचे दोन शब्द

"तुमच्या कुपनाला मोटार लागली, आधी पाच हजार भरा," असे पत्र किंवा फोन आला तर ती लबाडी समजा. बक्षीस देणारा आधी पैसे मागत नाही. मोबाईलवर आलेला आकडा कुणी विचारला तर सांगू नका, मग तो साहेब असो की साहेबाचा साहेब.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, वजन कमी दिले, तर बिल जपून ठेवा आणि आधी दुकानदाराशी नीट बोला. ऐकलेच नाही तर ग्राहकांसाठी सरकारचा फोन आहे, १९१५. पण बिल नसेल तर तक्रारीला जोर येत नाही. म्हणून बिल मागायला लाजू नका.

बंधूंनो आणि भगिनींनो, दहा रुपयांचे कुपन वाचायला शिकून कोणी श्रीमंत होत नाही, हे मला कळते. पण ज्याला दहा रुपयांचा कागद वाचता येतो, त्याला सातबारा वाचता येतो, बँकेचे पुस्तक वाचता येते, कर्जाचा कागद वाचता येतो. वाचल्याशिवाय अंगठा उठवू नये हे त्याला कळते. माझ्या आईला ते शिकायला मिळाले नाही. तुम्ही शिकत आहात. मागच्या आठवड्यात मावशींनी तो कागद चुलीत घातला नाही, याचा मला फार आनंद झाला.

पुढच्या वर्गाला प्रत्येकाने घरातला एक रिकामा पुडा आणा. आपण सगळे मिळून तो वाचू. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

करून पाहा

१. साबणाची एक वडी ४० रुपयांना आहे. "तीन घ्या, चौथी फुकट" अशी पाटी आहे. चार वड्या घेतल्या तर एक वडी केवढ्याला पडली? शेजारच्या दुकानात एकच वडी ३२ ला मिळते. तुम्हांला एकच हवी असेल तर कुठून घ्याल?

२. तूरडाळीची छापील किंमत १६० रुपये. सेलचा भाव १४५. तुमच्याजवळ १० रुपयांचे कुपन आहे आणि ते सेलमध्ये चालते. डाळ केवढ्याला पडली? छापील किमतीपेक्षा किती वाचले?

३. तुमच्या रेशनकार्डावर किती नावे आहेत? त्याप्रमाणे महिन्याला किती किलो धान्य मिळायला हवे? मागच्या महिन्याची पावती काढा आणि जुळवून पाहा.